मांजराचा ल्युकेमिया: दार लावा, पण मांजर आत घेऊन

बीदरकडच्या औराद तालुक्यात मांजर हौसेआधी गरजेचं असतं. तूर, मूग, उडीद, सोयाबीन घरात येऊन पडलं की उंदीर येतात आणि उंदरांमागे मांजर येतं. ते कुणी विकत आणलेलं नसतं. शेजारच्या घरात भाटी व्यालेली असते, पिल्लं डोळे उघडतात, पोरं एक उचलून आणतात. दिवसा ते पोत्यांवर झोपतं. रात्री माळवदावरून माळवदावर फिरतं, बोक्यांशी भांडतं आणि पहाटे कान फाडून घेऊन परत येतं. मग वर्ष-दोन वर्षांत कधीतरी ते सुकायला लागतं. खाणं कमी होतं, तोंडाला वास येतो, हिरड्या पांढऱ्या पडतात. एक दिवस ते कोपऱ्यात बसून राहतं. ‘मांजराला काहीतरी झालं’ एवढंच आपण म्हणतो.

त्या ‘काहीतरी’मध्ये बरेच आजार असू शकतात. त्यातला एक म्हणजे फेलाइन ल्युकेमिया. तो रक्ताच्या तपासणीत सापडतो, पूर्ण बरा होत नाही, पण सांभाळता येतो. आजाराइतकंच नुकसान घाईच्या निर्णयानंही होतं. एका चाचणीवर मांजर शिवेपलीकडे सोडणारे आणि लक्षणं दिसूनही चाचणीच न करणारे, दोघंही त्या जिवाचं आणि गल्लीतल्या बाकी मांजरांचं नुकसान करतात.

हा आजार काय आहे

1964 साली ग्लासगोतले पशुवैद्यक विल्यम जॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा विषाणू शोधला. एकाच घरातल्या अनेक मांजरांना लसिका ग्रंथींचा कर्करोग होताना दिसला, तेव्हा त्यांना संसर्गाची शंका आली, आणि ती खरी ठरली. हा रेट्रोव्हायरस आहे. म्हणजे तो स्वतःची नक्कल मांजराच्या पेशीतल्या डीएनएमध्येच घुसवून ठेवतो. म्हणूनच त्याला मुळासकट काढणारं औषध आजपर्यंत सापडलेलं नाही.

ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कर्करोग, म्हणून नाव ऐकताच घरात घबराट होते. प्रत्यक्षात लागण झालेल्या बऱ्याच मांजरांना कर्करोग होतच नाही. त्यांचं रक्त कमी होतं, किंवा प्रतिकारशक्ती खचून एरवी किरकोळ ठरणारे आजार जिवावर बेततात. कायम तोंड येणं, वारंवार ताप, न थांबणारी हगवण, जबड्याखाली गाठी, दम लागणं, भाटी गाभण राहून पिल्लं पडणं ही त्याची लक्षणं असू शकतात.

लहान मुलांच्या आईवडिलांनी हे नीट वाचावं: या विषाणूची लागण माणसाला झाल्याचा पुरावा नाही. कुत्र्याला, म्हशीला किंवा गोठ्यातल्या देवणी गाईलाही तो लागत नाही. तो मांजरांच्या कुळातला आजार आहे. रानातली मांजरंही त्यातून सुटत नाहीत. 2007 मध्ये स्पेनच्या दोन्याना अभयारण्यात दुर्मीळ आयबेरियन लिंक्समध्ये त्याची साथ आली होती.

दोन सारख्या नावांचा घोळ

डॉक्टरांशी बोलताना एक गोंधळ हमखास होतो. फेलाइन ल्युकेमिया वेगळा आणि फेलाइन पॅनल्युकोपेनिया वेगळा. दुसऱ्याला ‘मांजरांचा पार्व्हो’ म्हणतात. त्यात पांढऱ्या पेशी एकाएकी घटतात, उलट्या-हगवण होऊन पिल्लू दोन-चार दिवसांत दगावू शकतं. तो विषाणू घरात वर्षभरही टिकतो. ल्युकेमियाचा विषाणू उलट नाजूक आहे. कोरड्या जागी तो काही तासांत मरतो, साध्या साबणानंही मरतो.

लसीच्या बाबतीत हा घोळ महागात पडतो. आपल्याकडे मांजरांना सर्रास देतात ती तीन आजारांची लस सर्दीचे दोन विषाणू आणि पॅनल्युकोपेनिया यांच्यासाठी असते. त्यात ल्युकेमिया नसतो. ‘आमच्या मांजराला सगळ्या लसी दिल्यात’ म्हणणाऱ्यानं लसीकरणाचं कार्ड काढून एकदा पाहावं.

पसरतो कसा

मुख्य वाट लाळेची. मांजरं एकमेकांना चाटतात, एकाच ताटलीत खातात, भांडताना चावतात. आईकडून पिल्लाला तो पोटात असताना, दुधातून आणि चाटण्यातूनही जातो. लघवी आणि विष्ठेतूनही थोडा बाहेर पडतो.

वय महत्त्वाचं आहे. चार महिन्यांखालच्या पिल्लाला लागण सहज होते. मोठं झालेलं निरोगी मांजर बऱ्याचदा तिला परतवून लावतं. घरी पिल्लू असेल तर बाहेरचं अनोळखी मांजर आत येऊन त्याच्या ताटलीत तोंड घालणार नाही, एवढी काळजी पहिले सहा महिने तरी घ्या.

चाचणी कधी करावी

पुढच्या प्रसंगांत ती करावीच:

- घरात आधीपासून मांजर असताना नवं मांजर किंवा पिल्लू आणायचं असेल.
- मांजर कुठल्याही कारणानं वारंवार आजारी पडत असेल.
- भांडणात चावा बसून जखम झाली असेल.
- घरातल्या किंवा सोबत वाढलेल्या मांजराला लागण निघाली असेल.
- ल्युकेमियाची लस द्यायची असेल. आधीच लागण झालेल्या मांजराला लसीचा उपयोग नाही.

पिल्लाची चाचणी कोणत्याही वयात चालते. ही चाचणी विषाणूचं प्रथिन शोधते, त्यामुळे आईच्या दुधातून आलेल्या प्रतिपिंडांनी निकाल बिघडत नाही. चाचणीच्या त्याच किटवर बहुधा एफआयव्ही या दुसऱ्या विषाणूचीही तपासणी होते. तिथं मात्र प्रतिपिंडंच शोधली जातात, म्हणून सहा महिन्यांखालच्या पिल्लाचा एफआयव्ही पॉझिटिव्ह निकाल आईकडून उसना आलेला असू शकतो. किटवरच्या दोन्ही रेषा वेगवेगळ्या वाचा.

चाचणी कुठे, कशी

तालुक्याचा जनावरांचा दवाखाना मुख्यतः गाई-म्हशींसाठी, शेळ्या-मेंढ्यांसाठी चालतो. तिथं मांजराचं किट नसेल तर नवल नाही. तरीही आधी तिथंच जा. ताप, वजन, तोंड तपासणं आणि कुठं पाठवायचं हे सांगणं तिथले डॉक्टर करू शकतात. पुढच्या तपासणीसाठी औरादकरांना दोन दिशा मोकळ्या आहेत: बीदरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि महाराष्ट्राच्या बाजूला उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय. दोन्हीकडे शिकवण्यासोबत जनावरं तपासली जातात. निघण्याआधी फोन करून तीन प्रश्न विचारा. मांजराच्या ल्युकेमियाचं किट आज शिल्लक आहे का? ते रक्तावर चालतं ना? खात्रीच्या पीसीआर चाचणीसाठी नमुना कुठं पाठवता? हैदराबादला नातेवाईक असतील तर तिथल्या पाळीव प्राण्यांच्या दवाखान्यांत आणि प्रयोगशाळांतही चौकशी करता येते.

किटला रक्ताचे काही थेंब लागतात आणि निकाल बहुधा पंधरा-वीस मिनिटांत हाती येतो. लाळेवर हीच चाचणी करू नये, ती फसवी ठरते. त्याच वेळी रक्तपेशींची मोजणी, म्हणजे सीबीसी, करून घ्या. मांजराला विषाणू आहे की नाही हे किट सांगतं, पण त्याचं रक्त किती कमी झालंय हे सीबीसीच सांगते.

मांजराला न्यायचं कसं, हाही आपल्याकडे मोठा प्रश्न असतो. पोत्यात घालून नेऊ नका, गुदमरतं. पिंजरा नसेल तर भाजीच्या एका प्लास्टिकच्या क्रेटवर दुसरा उलटा ठेवून चारी बाजूंनी घट्ट बांधा. आत त्याच्या वासाचं जुनं लुगडं अंथरा आणि वरून पातळ कापड टाका. मोठ्या मांजराला निघण्याआधी तीन-चार तास खायला देऊ नका, पाणी द्या. लहान पिल्लाला मात्र इतका वेळ उपाशी ठेवू नका. उन्हाळ्यात पहाटेची बस धरा. मांजर तोंड उघडं टाकून धापा टाकायला लागलं तर सावलीत थांबा. कुत्र्याचं धापा टाकणं नेहमीचं, मांजराचं धोक्याचं.

निकाल कसा वाचावा

समजा, एखाद्या भागात 1000 मांजरं आहेत आणि त्यातल्या फक्त 10 मांजरांना लागण आहे. समजा, किट त्या दहाही मांजरांना पकडतं, पण निरोगी मांजरांपैकी शंभरात दोघांना चुकून पॉझिटिव्ह दाखवतं. उरलेल्या 990 मध्ये असे जवळपास 20 चुकीचे निकाल येतील. म्हणजे एकूण 30 पॉझिटिव्ह मांजरांपैकी 20 निरोगी असतील. आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत, पण हिशेब खरा आहे: धडधाकट दिसणाऱ्या मांजराचा पहिला पॉझिटिव्ह निकाल म्हणजे फक्त शंका. आजारी, सुकलेल्या मांजराचा तोच निकाल बराच भरवशाचा असतो.

म्हणून पॉझिटिव्ह आल्यास दुसऱ्या पद्धतीनं खात्री करा. दुसऱ्या कंपनीचं किट चालेल, पीसीआर असेल तर उत्तम. पीसीआर मांजराच्या पेशींत शिरलेला विषाणूचा डीएनए शोधते. मग साधारण दीड-दोन महिन्यांनी किट पुन्हा लावा. निकाल बदलत असतील तर चौथ्या महिन्यापर्यंत पाहा.

निगेटिव्ह निकालालाही मर्यादा आहे. लागण झाल्यावर रक्तात प्रथिन दिसायला साधारण महिना लागतो. काल बोका चावला आणि आज चाचणी निगेटिव्ह आली, तर तिचा अर्थ नाही. शेवटच्या संशयित संपर्कानंतर किमान 30 दिवसांनी पुन्हा करा आणि तोवर त्या मांजराला वेगळं ठेवा.

एवढं थांबायचं कारण असं की लागण झाल्यावर तीन वाटा फुटतात. काही मांजरं विषाणूला पुरतं परतवून लावतात. काहींच्या रक्तातून तो नाहीसा होतो, पण पेशींत दडून राहतो. शेतकऱ्याला हे हराळीवरून पटकन कळेल. वरून कापली, रान स्वच्छ दिसतं, पण मुळी जमिनीत आहे. अशा मांजराची किटची चाचणी निगेटिव्ह आणि पीसीआर पॉझिटिव्ह येते. ते सहसा दुसऱ्याला लागण देत नाही आणि वर्षानुवर्षं नीट जगू शकतं. मात्र बाळंतपण, मोठा आजार किंवा स्टेरॉइडचे डोस यांनी ती मुळी पुन्हा फुटू शकते. तिसऱ्या वाटेवर विषाणू रक्तात कायम राहतो आणि लाळेतून बाहेर पडत राहतो. अशी बहुतेक मांजरं काही वर्षांत, बऱ्याचदा निदानानंतर तीनेक वर्षांत जातात. पण ती वर्षं खाण्या-खेळण्याची, उन्हात पसरून झोपण्याची असू शकतात. तुमचं मांजर कोणत्या वाटेवर आहे हे पहिल्या चाचणीच्या दिवशी कुणालाच सांगता येत नाही.

पॉझिटिव्ह मांजराचं घर

पहिलं पथ्य: मांजर घरातच ठेवा. याची दोन कारणं आहेत. बाहेर ते दुसऱ्या मांजरांना लागण देतं, आणि बाहेरचा प्रत्येक जंतू त्याच्या कमकुवत शरीरावर चालून येतो. माळवदावर फिरलेल्या मांजराला कोंडून घेणं सोपं नाही. पहिले पंधरा दिवस ते रात्रभर ओरडेल. खिडक्यांना जाळी लावा, माळवदाच्या जिन्याला दार बसवा, उंच जागी बसायला फळी द्या. संध्याकाळी दोरीला चिंधी बांधून पंधरा मिनिटं खेळवा आणि झोपण्याआधी खाऊ घाला. दमलेलं, पोट भरलेलं मांजर झोपतं. पसरट घमेल्यात बारीक वाळू किंवा माती भरून ठेवा आणि घाण रोज काढा.

दुसरं पथ्य: शस्त्रक्रिया करून घ्या. बोका असो की भाटी, त्यानं फिरण्याची ओढ आणि भांडणं कमी होतात. लागण झालेल्या भाटीची पिल्लं बहुधा पोटातच किंवा जन्मल्यावर लवकर दगावतात, वाचतात ती लागण घेऊनच.

तिसरं पथ्य: घरातल्या सगळ्या मांजरांची चाचणी करा. निगेटिव्ह असतील त्यांना वेगळ्या खोलीत, वेगळ्या ताटल्या आणि वेगळं घमेलं देऊन ठेवा. हात आणि भांडी साबणानं धुतली की पुरे. दोन खोल्यांच्या घरात हे जमत नसेल, तर निदान नवं मांजर आणू नका आणि निगेटिव्ह मांजरांसाठी लसीची चौकशी करा.

फरशी पुसताना एक जपा. फिनाईलसारख्या द्रव्यांचा निचरा मांजराच्या यकृताला नीट जमत नाही. ते ओल्या फरशीवरून चालतं आणि मग पाय चाटतं. डिटर्जंटचं पाणी वापरा, फरशी वाळू द्या.

ताटलीत काय असावं

दूध-भाकरीवर मांजर जगतं हा समज आता सोडावा. मांजर मांसाहारी आहे. टॉरिन नावाचं द्रव्य त्याला मांसातूनच मिळतं, आणि ते कमी पडलं तर डोळे आणि हृदय बिघडतात. परवडेल तसं तयार खाद्य आणि जोडीला उकडलेली कोंबडी, मासा, शिजवलेलं अंडं द्या. प्रतिकारशक्ती खचलेल्या मांजराला कच्चं मांस, कच्चं अंडं आणि न तापवलेलं दूध देऊ नका.

कालवणाचा रस्सा तर मुळीच नको. कांदा आणि लसूण मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात. ज्याचं रक्त आधीच कमी आहे त्याच्यासाठी तो रस्सा विषच. धान्याच्या खोलीत उंदराचं औषध ठेवू नका, कारण मेलेला उंदीर मांजरच आधी उचलतं.

औषध, लस आणि काही मोठ्या चुका

विषाणूवर खात्रीचं औषध नाही. इंटरफेरॉन किंवा झिडोव्ह्यूडिन यांसारखी औषधं काही ठिकाणी वापरतात, पण त्यांचा फायदा मर्यादित असतो आणि झिडोव्ह्यूडिननं रक्त आणखी कमी होऊ शकतं. खरा उपयोग होतो तो वेळेवर केलेल्या साध्या उपचारांचा. जखम, दात-हिरड्यांचं दुखणं, जंत, पिसवा, सर्दी, यांतलं काहीही ‘होईल बरं’ म्हणून सोडू नका. पिसवांतून येणारा एक जंतू तांबड्या पेशींवरच बसतो, त्यामुळे पिसवांचा बंदोबस्त हा रक्ताचाही बंदोबस्त आहे.

तीन चुका जीव घेतात. एक, तापासाठी पॅरासिटामॉल देणं. मांजराला एक गोळीसुद्धा मारक ठरते. दोन, कुत्र्याच्या गोचिडांचं परमेथ्रिनचं औषध मांजराला लावणं. तीन, कारण न शोधता स्टेरॉइडचं इंजेक्शन घेणं. दबलेला विषाणू त्यानं डोकं वर काढू शकतो. पॉझिटिव्ह मांजराला कोणतंही औषध देण्याआधी डॉक्टरांना निकालाची आठवण करून द्या.

ल्युकेमियाची लस आठ आठवड्यांपुढच्या निगेटिव्ह पिल्लासाठी आहे. तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस आणि वर्षानं एक, अशी तिची पद्धत. ती सगळीकडे मिळत नाही, आणि मिळाली तरी शंभर टक्के कवच देत नाही. रेबीजची लस मात्र प्रत्येक मांजराला द्याच, पॉझिटिव्ह मांजरालाही. मांजर चावलं तर ल्युकेमियाची भीती नाही, रेबीजची आहे. जखम पंधरा मिनिटं साबण-पाण्यानं धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा.

एक वही ठेवा

दर रविवारी मांजराला घेऊन काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा, फरक लिहा. तीन किलोच्या मांजराचं तीनशे ग्रॅम वजन घटणं म्हणजे साठ किलोच्या माणसाचं सहा किलो घटणं. ओठ उचलून हिरडीचा रंग पाहा: गुलाबी की फिकट. झोपेत असताना मिनिटभर श्वास मोजा. तो 30 च्या वर सतत राहत असेल तर डॉक्टरांना कळवा. जबड्याखाली आणि मागच्या गुडघ्यामागे बोटं फिरवून गाठी तपासा. दर सहा महिन्यांनी सीबीसी करा.

चोवीस तास न खाणं, पांढऱ्या हिरड्या, तोंड उघडं टाकून श्वास, बोक्याचं लघवीसाठी जोर करत बसणं, यांपैकी काहीही दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

सोडून देणं हा उपाय नाही

मांजर नको झालं की पोत्यात घालून दूर सोडायची आपल्याकडे जुनी रीत आहे. उपासमारीला सामोरं जावं लागेल अशा स्थितीत पाळीव प्राण्याला विनाकारण सोडून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी साधा हिशेब पाहा. आजारी मांजर दुसऱ्या गावात सोडलं, तर आजारही तिथं जातो, आणि ते मांजर उपाशी, घाबरून मरतं.

एक दिवस असा येऊ शकतो की मांजर खात नाही, उठत नाही, श्वासाला कष्ट पडतात, आणि डॉक्टर सांगतात की पुढं फक्त वेदना आहे. तेव्हा शांत मरण देण्याचा निर्णय घेणं क्रूरपणा नाही. तो निर्णय मांजराकडे पाहून घ्यायचा असतो, किटवरच्या रेषेकडे पाहून नाही. नंतर भांडी, अंथरूण धुऊन उन्हात टाका. हा विषाणू घरात टिकून राहत नाही, त्यामुळे काही दिवसांनी नवं पिल्लू आणायला हरकत नाही. त्याची चाचणी मात्र पहिल्याच आठवड्यात करून घ्या.

तोवर, ज्या मांजरानं तुमची तूर राखली त्याला घरात एक कोपरा, वेगळी ताटली आणि रविवारी वहीत एक ओळ द्या. आज संध्याकाळी माळवदाचं दार लावताना ते आत आलंय ना, एवढं पाहून घ्या.